खालचे दोन

वरचे आधी आले असते तर मामाला जड,
सासवडहून सासूबाई फोनवर म्हणाल्या.
खालचे आलेत म्हटल्यावर सुस्कारा टाकला.
मामा सुटला.
खालचे कुणाला जड
हे मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही.

मी दिवसभर दातच करते.
टिळक रोडच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर,
प्लास्टरच्या धुळीत बसून
चिमट्यात धरायचा, उजेडाकडे करायचा,
मेणात बसवायचा एकेक.
अठ्ठावीस दातांची अख्खी कवळी
एका हातावर घेऊन दुसऱ्या हातानं चहा प्यायलेय मी.
कुणाच्या दातांची कधी भीती वाटली नाही.

आणि परवा रात्री, बिबवेवाडीत, पंखा तीनवर,
पोट भरल्यावर नमीनं सहज,
काहीतरी आठवल्यासारखं,
दोन तांदळांनी मला धरलं.

मी ओरडले.
ती दचकली, मग हसली.
खुळखुळ्यापेक्षा हे बरं वाजतं,
म्हणून पुन्हा चावली.

शेजारच्या तांबोळीभाभी म्हणाल्या, छातीशी जरा दाबून धर, आपोआप सोडते.
सासूबाई म्हणाल्या, कडुनिंब लाव नि तोड आता,
नऊ महिने पाजलंस, पुष्कळ झालं.
मंदार दुसरी पाळी करून चाकणहून आला,
म्हणाला, दाखव.
मग काही बोलला नाही.
ओला रुमाल पिळून बर्फाच्या खणात ठेवला त्यानं.
सकाळी रुमाल पापडासारखा कडक.
नमीनं तो तासभर चघळला, झबलं लाळेनं भिजवलं,
आणि मी दिसताच टाकून दिला.

तूप लावलं. ब्लाउजला डाग पडले.
ती रांगत जवळ आली की
माझे खांदे आपोआप वर.
पोटच्या पोरीपासून अंग चोरते आहे,
हे सांगायचं तरी कुणाला?

दुपारी घाटपांडे आले, वय ब्याऐंशी,
नवी कवळी रुमालात गुंडाळून.
डॉक्टर जेवायला गेलेले, म्हणून जिना चढून थेट माझ्याकडे.
टोचते हो.
कुठे?
बोट लावून दाखवलं. हिरडीवर लाल ठिपका.
जेवताना?
छे, जेवताना कळतही नाही.
जेवण झालं, नुसता बसलो,
की मग टोचते.

मशीन लावलं. कड घासली.
गुलाबी धूळ उडत होती
आणि माझ्या हातातलं काम थांबलं.

त्या रात्री दिवा चालू ठेवला.
नऊ महिने पाजते आहे, पण तिचं तोंड
पहिल्यांदाच कामाच्या डोळ्यांनी पाहिलं.
पिताना जीभ पुढे येते,
खालच्या दोघांवर पांघरूण घालते.
घोट चालू आहे तोवर
चावायचं म्हटलं तरी जमणार नाही तिला.
भूक आहे तोवर दात नाहीत.
मग घोट लांबतात. एक.
पंख्याकडे बघणं. एक.
जीभ मागे सरते, दार लोटायचं विसरून,
गालात काहीतरी घट्ट होतं,
आणि तेवढ्यात माझी करंगळी
ओठांच्या कोपऱ्यातून आत.
सुटते. बुडबुडा फुटावा तसा आवाज.
झालं, मी म्हणते. ओरडत नाही.
गाऊनची बटणं लावते, हातात रुमाल देते.
ती माझ्याकडे अशी बघते
की खेळ मीच बिघडवलाय.

दर वेळी साधतं असं नाही.
काल माझा डोळा लागला,
तिनं मला उठवलं. तिच्या पद्धतीनं.
न्हाणीघरात दिवा लावून पाहिलं,
दोन खुणा, शेजारी शेजारी,
माप घेता येईल इतक्या स्वच्छ.
असा ठसा मिळावा म्हणून आम्ही
म्हाताऱ्यांना तीन-तीनदा बोलावतो.
मला रडू येत होतं आणि मी
अंतर किती, कोन किती, तेही बघत होते.

आज सकाळी ती जांभई देत असताना
वरच्या हिरडीवरून करंगळी फिरवली.
दोन जागा टणक.
मंदारला सांगितलं.
सासवडला अजून नाही.